भुशाचा हिशेब

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. आमच्या वाडीतून गिरणीपर्यंत ओंडका न्यायचा तर मधे पाखाडी. म्हणून वनखात्याचे कागद झाल्यावर फणसाच्या फळ्या जागेवरच पाडायचं ठरलं. चेनसॉच्या बारला, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीला, ‘अलास्कन मिल’ नावाची चौकट आवळायची आणि ओंडक्याच्या पाठीवरून ती ढकलत न्यायची, एवढाच मामला. निदान ऐकताना एवढाच वाटतो.

१. बारची छापील लांबी आपल्या वाट्याला येत नाही. चौकटीचे दोन शिकंजे बारला धरतात, एक इंजिनाजवळ, दुसरा टोकाशी, आणि त्यातच चार-पाच इंच जातात. टोकाच्या चक्रावर शिकंजा आवळायचा नसतो, आतलं बेअरिंग अडकतं. त्याच्या मागेच धरावं लागतं. बावीस इंची बारवर सतरा इंच रुंदीची फळी निघाली, तर आनंद मानावा.

२. बार किती लांब घ्यायचा हे ओंडका सांगत नाही, इंजिन सांगतं. जाडजूड बुंध्यापुढे उभं राहिलं की माणसाला लांब हत्यार हवंसं वाटतंच. मीही त्याच मातीचा. पण साध्या ३/८ पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनीवर दर दीड इंचाला एक दात असतो. अठरा इंच रुंद कापात एका वेळी बारा दात लाकडात असतात, छत्तीस इंचात चोवीस. झाड आडवं तोडताना हे ओझं थोडा वेळच असतं. फळी पाडताना मात्र आठ फूट लांबीभर इंजिन पुरतं ताणलेलं राहतं. दोन फूट रुंदीला सत्तर सीसी तरी हवेत, तीन फुटांना नव्वदच्या पुढे. तालुक्याच्या बाजारात सर्रास दिसतात ती मशीनं पन्नास-साठ सीसीची. दात विरळ असलेली स्किप चेन लावली तर त्या चोवीसचे सोळा होतात आणि इंजिन जरा मोकळा श्वास घेतं, पण फळीवर चरे जास्त उमटतात. शिवाय घरात तीन फुटी फळी लागते कुठे? ओटीवरच्या झोपाळ्याला, फार तर.

३. रिपिंग चेनीने, म्हणजे फळ्या पाडायच्या खास चेनीने, काम झपाट्याने होईल ही माझी समजूत होती. वेगात फारसा फरक पडला नाही, फळीचा पृष्ठभाग मात्र सुधारला. झाड तोडायच्या चेनीचे दात तीस अंशांच्या तिरक्या धारेचे असतात, कारण त्यांना रेषे आडवे छाटायचे असतात. फळी पाडताना दात रेषांच्या टोकांना भिडतो. तिथे तेवढी तिरकी धार चेनीला डावी-उजवीकडे खेचते आणि लाकडावर पन्हळी उठतात. रिपिंग चेनीचा कोन दहा अंशांच्या आसपास असतो, ती सरळ जाते. साधी चेनही कानशीने हळूहळू दहा अंशांवर आणता येते. हे कळल्यावर खास चेनीच्या किमतीकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघू लागलो.

४. खरा हिशेब चराच्या, म्हणजे कापात भुसा होऊन जाणाऱ्या लाकडाच्या, रुंदीचा आहे. आमच्या वाडीत एक आजोबा आहेत. उमेदीत त्यांनी माचावर चढून, खाली दुसरा गडी उभा करून, दोघांच्या करवतीने अख्ख्या घरांच्या तुळया पाडलेल्या. मी मशीनचे सीसी, बारचे इंच सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, कापाच्या खाली साठलेला ढीग पायाने उकरला आणि म्हणाले, “ह्यातलं लाकूड किती रे गेलं?” हातकरवतीचा चर तीनेक मिलिमीटरचा, गिरणीतल्या बँडसॉचा त्याहून बारीक. साध्या ३/८ चेनीचा साधारण नऊ. लो-प्रोफाइल चेन सातवर येते. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा काप घेतले की पाऊण इंच जाडीची एक अख्खी फळी भुशात गेलेली असते. चर अरुंद म्हणजे इंजिनाला कामही कमी, त्यामुळे लहान मशीनला हीच चेन मानवते. मोठ्या ताकदीच्या मशीनवर मात्र ती ताणली जाते, तुटूही शकते. म्हणजे मोठं मशीन नसणं हे चक्क फायद्याचं ठरलं. आजोबांना हे सांगितल्यावर ते हसले, बोलले काही नाहीत.

५. पिच, गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि त्या खालच्या कड्यांची संख्या, हे तिन्ही आकडे जुळले नाहीत तर चेन नुसती पिशवीत ठेवायची. चेन बदलून लो-प्रोफाइल घ्यायची तर बार आणि इंजिनाकडचं दातेरी चक्रही त्याच मापाचं लागतं. चेन मागायला जाताना जुना बार बरोबर न्यावा. त्याच्या बुडाशी हे आकडे बहुधा कोरलेले असतात.

६. चेन विकत आणली म्हणजे काम निम्मंच झालं. पेट्रोलची टाकी रिकामी झाली की कानस हातात घ्यायची, हा नेम. ३/८ ला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस, लो-प्रोफाइलला चारची. सगळे दात एकाच लांबीचे राहिले पाहिजेत. एका बाजूचे आखूड झाले की बार त्या काठाने वर किंवा खाली भरकटतो आणि फळी एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ निघते. फळी पाडताना भुसा बारीकच असतो, पण रव्यासारखा पडणारा भुसा पिठासारखा पडू लागला की थांबावं. मशीन ढकलावं लागतंय म्हणजे धार गेली. अशा वेळी जोर लावायचा मोह फार होतो.

७. परसातल्या जुन्या फणसाच्या पोटात काय असेल ते सांगता येत नाही. कंदिलाची खुंटी, मिरवेल बांधायची तार, कपडे वाळत घालायच्या दोरीचा खिळा, सगळं झाड गिळून बसलेलं असतं. एका खिळ्यात अख्ख्या चेनीची धार जाते. सालीतली माती आणि वाळूही तेच करते, सावकाश. म्हणून आधी कोयत्याने साल काढावी. वर फणसाचा चीक आहेच, तो चेनीला आणि बारच्या खाचेला धरतो. या सगळ्याला उतारा एकच, लांब बारच्या पैशांत दोन-तीन जादा चेनी घेऊन ठेवणं. दुकानदार मात्र अजून आधी लांब बारच पुढे करतो, आणि मी तो हातात घेऊन बघतोही.