चेंडू नसताना पळणारा फॉरवर्ड

कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळायला लागलो. मग मुंबईत कंपनीच्या संघात, तिथून पुण्यात, एक हंगाम गोव्यात आणि पुन्हा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर. भारताची जर्सी काही मिळाली नाही, पण कुठला ना कुठला संघ दर हंगामाला बोलवत राहिला. आता संध्याकाळी पोरांना शिकवतो, तेव्हा हेच सांगतो.

१. नव्वद मिनिटांत चेंडू आपल्या पायात असतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. फॉरवर्डची किंमत ठरते उरलेल्या वेळात. स्टॉपरनं चेंडू घेतला रे घेतला की त्याच्यावर जा, पण सरळ धावू नका. थोडा वळसा घालून जा, म्हणजे त्याच्या चांगल्या पायाची बाजू बंद होते. तो घाईत मारतो, चेंडू आपल्या हाफला मिळतो, दोन पासनंतर गोल. पेपरात नाव दुसऱ्याचं येतं, येऊ दे. कोचला दिसलेलं असतं. मला पुढच्या हंगामाचं बोलावणं बहुतेक वेळा या पळण्यामुळंच आलं.

२. क्रॉस येताना आधी लांबच्या खांबाकडं दोन पावलं टाका. मार्कर हलला की जवळच्या खांबाकडं सुटा. तिथं जोर लागत नाही, नुसता पाय किंवा डोकं लागलं तरी पुरतं. चेंडू नाही मिळाला तरी स्टॉपर तुमच्यामागं ओढला जातो आणि मागचा गडी मोकळा होतो.

३. थ्रो-इनवर ऑफसाइड नाही. पाठ सगळ्यांना असतं, मैदानात आठवतं थोड्यांनाच. सरळ स्टॉपरच्या मागं जाऊन उभं राहा.

४. बुटांचे दोन जोड बाळगा. मुंबईत कूपरेजच्या कृत्रिम गवतावर चेंडू घसरत वेगानं येतो. गोव्यात भात कापल्यावर शेतात सामने होतात, तिथं तो कसाही उसळतो. पहिल्या दहा मिनिटांत मैदान वाचायचं, मग तंत्र.

५. संघ चांगला आहे तोवर पोटाची सोय करून घ्या. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघच बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी 2013-14 च्या आय-लीगमध्ये नव्हते. पूर्वी रेल्वे, बँका, कंपन्या यांचा संघ म्हणजे कायमची नोकरी. सकाळी सराव, दुपारी टेबल. माझ्यासारख्या कित्येक पोरांची घरं त्यावर उभी राहिली. इंडियन सुपर लीगपर्यंत जो पोहोचत नाही, पण चांगला खेळतो, अशा पोरासाठी आज काय आहे? याची चीड येते मला, आणि फुटबॉल संघटनेच्या बैठकीत मी ती बोलूनही दाखवतो.

६. इंग्लंडचा फॉरवर्ड रिकी लॅम्बर्ट याचे जुने सामने बघा. लिव्हरपूलनं त्याला पंधराव्या वर्षी सोडलं. पुढं काही काळ तो बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, मग 2009 मध्ये साउदॅम्प्टन, तेही तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये. ऑगस्ट 2013 मध्ये, एकतिसाव्या वर्षी, वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि पहिल्याच स्पर्शात, हेडरनं, इंग्लंडसाठी गोल केला. पळण्यात तो कधीच वेगवान नव्हता. गोलकडं पाठ करून चेंडू कसा थांबवतो, कुणाकडं सरकवतो, ते बघा. तिशीनंतर माझा वेग गेला तेव्हा मी तेच घोटलं. भिंतीवर चेंडू मारायचा आणि परत येताना मेलेला थांबवायचा, दोन्ही पायांनी.

७. आपल्या जुन्या पेठेच्या संघाविरुद्ध गोल झाला तर नाचू नका. हात वर करा आणि सेंटरला परत या. एकदा असाच गोल झाला. त्याच रात्री त्याच पेठेच्या तालमीतल्या दादांनी चहाला बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पुढच्या हंगामाला येतोस का?"