पालमची थंडी : नवीन आलेल्या मुलांसाठी

दिवाळी झाली की आपल्याकडे नवीन माणसं येतात. कोणाच्या वडिलांची मुंबईहून नाहीतर कोकणातून बदली होते. कोणी ऊसतोडीच्या टोळीसंगं येतेत आणि शेतात कोपी करून राहतेत. काहींना वाटतं, मराठवाडा म्हणजे नुसतं ऊन. उन्हाळ्यापुरतं ते खरं आहे. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्या परभणी जिल्ह्यात लई थंडी पडते. म्हणून हा लेख नवीन मुलांसाठी लिहिला आहे. जुन्यांनीही वाचावा.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथं रोज तापमान मोजतात. २०१८ च्या डिसेंबरात तिथं २ अंश सेल्सिअस तापमान भरलं होतं. पाण्याचा बर्फ ० अंशाला होतो, म्हणजे दोनच अंश राहिले होते! मुंबईत सांताक्रूझला १९६२ साली ७.४ अंश झालं होतं, तर ती तिथली सगळ्यात मोठी थंडी.

असं का होतं ते गुरुजींनी सांगितलं. समुद्राचं पाणी हळू तापतं आणि हळूच निवतं. त्यामुळं समुद्राजवळच्या गावांना रात्री ऊब राहते. आपल्यापासून समुद्र लांब आहे. आपली जमीन दिवसा लवकर तापते आन रात्री लवकर गार होते. आभाळात ढग असले तर ते वाकळीसारखी जमिनीची ऊब धरून ठेवतात. हिवाळ्यात आभाळ मोकळं असतं, मग ऊब वर निघून जाते. त्यात उत्तरेकडून गार वारं येतं. सगळ्यात जास्त थंडी पहाटे, दिवस उगवायच्या सुमाराला असते. दुपारी मात्र घाम येतो. म्हणून एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे एकेक काढता येतो. काढलेला घरी न्यावा. आपल्या वर्गाच्या खिडकीत आताही दोन स्वेटर पडलेले आहेत.

आता झोपायचं सांगतो. नवीन माणसं अंगावर दोन-दोन पांघरुणं घेतेत आन खाली नुसती चटई टाकतेत. माझी आजी म्हणते, थंडी खालून येते. म्हणजे गार भुई आपल्या अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून जेवढं वर, तेवढंच खाली पाहिजे. आधी पोती अंथरावीत, मग वाकळ. वाकळीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, त्या थरांमधली हवा ऊब धरते. कोपीत राहणाऱ्यांनी खाली उसाचं वाळलेलं पाचट जाड अंथरावं. त्यात पण हवा अडकते. पण पाचट भुर्रकन पेटतं! म्हणून चूल कोपीच्या बाहेर, लांब, वाऱ्याच्या आडोशाला मांडावी आणि झोपायच्या आधी राखेवर पाणी टाकावं. वरून राख गार दिसते, आत निखारा असतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेगडीचं आहे. लई थंडी वाजली तरी दार-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून कधीच झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून माणसाला वाटतं, काही होत नाही. पण बंद खोलीत हवा कमी पडली की कोळसा नीट जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा घेतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आन मरतो पण. चारी बाजूंनी ताडपत्री लावलेली कोपी ही पण बंद खोलीच झाली. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली तर दार उघडून सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि १०८ ला फोन लावायचा. त्याला पैसे लागत नाहीत. मोठी माणसं म्हणतात, एका रात्रीनं काय होतंय. एकाच रात्रीत होतं. तुम्ही लहान असलात तरी घरी सांगा, रडून सांगा.

शेकोटी बाहेर करावी. तिच्यात टायर आणि प्लास्टिक टाकू नये. ओढणी, पदर सांभाळावा.

आंघोळीला रात्री भरून ठेवलेलं पाणी घेऊ नका, ते बर्फागत असतं. सकाळी हापशाचं पाणी घ्या, ते कोमट लागतं. हापसा काही पाणी तापवत नाही. जमिनीच्या आत खोल पाणी हिवाळ्यात-उन्हाळ्यात सारखंच राहतं, वरची हवा गार म्हणून ते आपल्याला कोमट वाटतं. आंघोळ झाली की ओठांना आणि टाचांना तेल लावावं, नाहीतर उलतात आन रक्त येतं. बारक्या भावंडांचं डोकं आणि कान झाकावेत. तहान लागत नाही तरी पाणी प्यावं.

खायला बाजरीची भाकरी चांगली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते, तेव्हा भाकरीला तीळ लावतात. आणि हुरडा! ज्वारी हुरड्यात आली की शेतात खड्डा करून गवऱ्यांची आगटी पेटवतात आणि कणसं भाजतात. ज्याचं शेत असेल त्याला आधी विचारायचं. हुरडा तिथंच बसून गरम गरम खावा, घरी आणला की निबर होतो.

— इयत्ता ४ थी