नांगर, सायकल आणि पहिल्या वर्षाची वही



शालान्त परीक्षेनंतर तुमच्यापैकी काहीजण पदविकेसाठी, तर काहीजण आणखी दोन वर्षांनी पदवीसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयात पाऊल टाकतील. आपल्या मराठी शाळेतून गेलेली मुले तेथे पहिल्या वर्षी मागच्या बाकावर बसतात आणि गप्प राहतात, असे सुट्टीत भेटीस येणारे माजी विद्यार्थी आम्हांस वारंवार सांगतात. इंग्रजी अडते, हे खरेच. पण त्याहून अधिक आड येते ती एक समजूत. आधी सर्व पुस्तके पुरी करावयाची, मग संशोधन करावयाचे, आणि नोकरीत मुरल्यावर जमल्यास एखादा उद्योग काढावयाचा, असा क्रम मुलांनी मनाशी ठरवून टाकलेला असतो. या क्रमात उमेदीची वर्षे फुकट जातात, असे माझे मत आहे. आपल्याच बेळगावातील एका उदाहरणावरून ते स्पष्ट करतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते गेले चित्रकार होण्यासाठी. परंतु रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे चित्रकला सोडावी लागली. यांत्रिक रेखाचित्रण मात्र त्यांनी आत्मसात केले आणि त्याच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकावयाची तर आधी गिऱ्हाइकाला ती चालवावयास शिकविणे भाग होते, आणि तेही काम ते करीत. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले व त्यानंतर लोखंडी नांगर.

या नांगराची हकीकत थोडी सावकाश पाहण्याजोगी आहे. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा वक्र पत्रा मातीचा थर उचलून उलथा करतो, त्यामुळे खालची माती वर येते आणि तण मुळांसकट गाडले जाते. यंत्र म्हणून हा नांगर सरस होता, यात शंका नाही. तरीही पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली! लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती.

या धारणेस हसून मोकळे होणे सोपे आहे. पण शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या एका पिकावर अवलंबून असते. त्याने घाबरू नये तर काय करावे? शिवाय त्याच्या बोलण्यात पडताळून पाहण्याजोगा एक प्रश्न आहे. एकाच शेताच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक लोखंडी नांगराने नांगरावी, दुसरी लाकडी. बी, खत, पाणी दोहोंस सारखेच द्यावे आणि सुगीस दोन्हींचे धान्य वेगवेगळे तोलावे. एका वर्षाच्या तोलावर विसंबू नये. पुढील वर्षी पट्ट्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. संशोधन म्हणतात ते याहून वेगळे नाही. गिऱ्हाइकाची हरकत ऐकून घेणे येथे विक्रेत्याला जितके आवश्यक आहे, तितकेच संशोधकालाही.

१९१० साली बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर, लक्ष्मणरावांनी पुन्हा कारखाना उभा केला. तीच आजची किर्लोस्करवाडी.

विद्यार्थ्याने आरंभापासूनच संशोधनात हात घालावा, हा विचार इतरत्रही झाला आहे. पोलरॉईड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेत हेच आग्रहाने मांडले आणि १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तेथे पदवीपूर्व विद्यार्थ्यांना प्राध्यापकांबरोबर खऱ्या प्रश्नांवर काम करू देणारी योजना सुरू केली. आपल्याकडे अशी योजना असो वा नसो, सायकल तर आहेच.

सौम्य उताराच्या रस्त्यावर खडूने एक रेघ ओढा. तेथून पॅडल न मारता सायकल सोडा आणि ती जेथे थांबेल तेथवरचे अंतर मोजा. असे दहा वेळा करा. मग टायरमधील हवा कमी करून पुन्हा दहा वेळा. दाब कमी असला की टायर रस्त्यावर अधिक चेपतो, रबर सतत वाकण्यात शक्ती खर्च होते आणि अंतर घटते, असे तुम्हांस बहुधा आढळेल. पण दहाही आकडे सारखे येणार नाहीत. वारा सुटला असेल, बसणारा बदलला असेल, हँडल किंचित वळले असेल. हा फरक कशाने पडला, ते शोधण्यातच खरी मौज आहे. खडबडीत रस्त्यावर तर फार कडक टायरही धक्क्यांत शक्ती गमावतो. तेव्हा तेथेही मोजून पाहा.

यानंतर सायकलवरून दूध घालणाऱ्या एखाद्या गवळ्याकडे जा. तो हवा कितीदा भरतो, पंक्चरपायी महिन्यास किती खर्च होतो, त्याला खरी अडचण कशाची वाटते, हे विचारा. तो कदाचित टायरविषयी अवाक्षरही न काढता किटल्या अडकविण्याच्या आकड्याविषयी बोलेल. तसे झाल्यास आपला प्रश्न बदलावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. यातून एखादा उद्योग निघेलच असे नाही. बहुधा निघणार नाही.

या सर्वांसाठी एक साधी वही पुरे. तारीख, वेळ, हवामान आणि जसा आला तसा आकडा तिच्यात लिहावा. मराठीत लिहिले तरी चालेल. चुकलेला आकडा एका रेघेने खोडावा, म्हणजे तो पुढेही वाचता येतो. पान मात्र फाडू नये.