खराऱ्यानंतरची दहा मिनिटं

प्रश्न : आमच्या गावात एकाकडे वरातीची घोडी आहे. लग्नसराईत रात्री घरी आली की तो तिच्या पाठीला आणि पायांना करडईचं तेल चोळत बसतो. माळेगावच्या यात्रेतही घोड्यांचं अंग रगडणारी माणसं पाहिली होती. मोबाइलवर तर परदेशात घोड्यांना मसाज करणारे पगारी तज्ज्ञ दिसतात. जनावराला याचा खरंच काही उपयोग होतो, की ही मालकाचीच हौस?
— एक वाचक, इस्लापूर (ता. किनवट)

उत्तर : उपयोग होतो. फक्त पायांना जे तेल जिरवलं जातंय, ते बहुतेक वाया जातंय.

घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मधल्या सांध्याखाली मांस जवळजवळ नसतंच. तिथे हाड, दोरखंडासारख्या कंडरा आणि वर कातडी. रगडायला स्नायूच नाही, तर मोकळं काय करणार? रस्त्यावर तीन तास नाचून आलेल्या पायांना थंड पाण्याची धार दहा-पंधरा मिनिटं धरली, तर तेलाच्या अख्ख्या बाटलीपेक्षा जास्त आराम पडेल.

खरी थकतात ती मान, खांदे, पाठ आणि पुठ्ठे. घोड्याला माणसासारखं गळ्याचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, नुसत्या स्नायूंच्या झोळीत धड टांगलेलं असतं. आणि उभ्या घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भार, साधारण साठ टक्के, पुढच्याच पायांवर. त्यात वरातीची घोडी म्हणजे हलगी-ताशाच्या तालावर मागच्या पायांवर उभी राहणार, म्हणजे कंबर आणि पुठ्ठ्यांवर ताण आला. वर नवरदेव, त्याच्या पुढ्यात एखादं भाचरू, खाली डांबर किंवा सिमेंट. हे नाचवणं मला स्वतःला पाहवत नाही, पण तो विषय वेगळा.

अंग रगडण्याची रीत परदेशातून आली असं मात्र समजू नका. पागेतल्या मोतद्दाराचं निम्मं काम हेच असायचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालण्याचा नियम त्यात आहे. शालिहोत्राच्या नावाने तर अश्ववैद्यकाची मोठी परंपरा चालत आली. पगारी तज्ज्ञांचा प्रकार अलीकडचा. जॅक मेघर हे अमेरिकेतल्या खेळाडूंना मालिश करायचे, त्यांनी 1970च्या दशकात तेच हात घोड्यांवर चालवले आणि पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. तिथून त्याचा धंदा झाला.

दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवताना तुम्ही पाहिले असतील. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसांनी त्याच जागी हाताने खाजवलं, तर घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसं झालं नाही. घोडा बुजरा प्राणी. वरातीतले फटाके आणि डीजे सोसून आलेल्या जनावराचा जीव शांत होणं हा मला तरी सगळ्यात मोठा फायदा वाटतो. स्नायूंचं दुखरेपण मालिशने काही काळ कमी होतं, असंही अभ्यासांत दिसलं आहे. मात्र मालिशने अंगातलं आम्ल निघून जातं असं जे सांगतात, ते सोडून द्या. ते आम्ल श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात आपोआप ओसरतं.

तुमच्या गावातल्या त्या मालकाला सांगायचं तर असं सांगा. घोडी घरी आली की लगेच भिडू नये. आधी तंग सैल करावा, खोगीर उतरवावं, घाम वाळेपर्यंत सावकाश फिरवावं, पाणी दाखवावं. मग खरारा. धुळीने भरलेल्या अंगावर हात रगडला, तर कातडी सोलते. त्यानंतर डाव्या अंगाला उभं राहून तळहात पूर्ण टेकवायचा आणि आयाळीच्या खालून खांद्याकडे दाबत न्यायचा. पाठीवर मणक्यांच्या हाडावर कधीच जोर द्यायचा नाही, त्याच्या बाजूला चार बोटं सोडून जो मांसल पट्टा जातो त्यावर द्यायचा. पुठ्ठ्यावर मूठ टेकवून अंगाचा भार टाकला तरी चालतो, तिथलं मांस जाड आहे. एका बाजूला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

बरोबर चाललंय का, हे घोडीच सांगते. मान खाली येते, डोळे अर्धे मिटतात, खालचा ओठ लोंबू लागतो, मध्येच तोंड चघळल्यासारखं हलवते. कान मागे टाकले, शेपटी झटकली किंवा पाठ खाली दबली, की हात हलका करायचा. चावायला तोंड वळवलं तर थांबायचं. मारकी म्हणून तिला दोन फटके देणारे मालक असतात, त्यांना जनावर राखायचा हक्क नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक सोपी गोष्ट. गाजराचा तुकडा नाकासमोर धरून तो हळूहळू तिच्या बरगडीकडे, मग पुढच्या दोन पायांमध्ये न्यायचा, म्हणजे ती मान वळवून, पाठ उचलून त्याच्या मागे जाते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांकडून तीन महिने असा व्यायाम करून घेतला, तेव्हा मणक्याला आधार देणारे खोलातले स्नायू जाड झालेले आढळले. गाजर नसेल तर भाकरीचा तुकडा चालेल.

तेल खरं तर लागतच नाही. केसाळ कातडीवर ते धूळ धरतं आणि दुसऱ्या दिवशी खोगिराखाली घासतं. तेच करडईचं तेल चमचा-चमचा वाढवत तोबऱ्यात घातलं, तर केसांना झळाळी येते.

काही वेळा मात्र हात लावायचाच नाही. ताप, जखम, गरम सूज, कातडीवर गोल चट्टे. पोट दुखून घोडी लोळत असेल, खूर तापलेले असतील किंवा कामानंतर अंग लाकडासारखं ताठून लघवी गडद तांबडी होत असेल, तर चोळत बसण्यात वेळ घालवू नये. सरळ पशुवैद्यकाला बोलवावं. मोठ्या तपासण्यांसाठी उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लंगडणं मालिशने बरं होत नाही, त्याचं मूळ बहुतेक वेळा खुरात किंवा नालेत निघतं.

रोज हात फिरवणाऱ्या माणसाला दुखण्याची अशी मुळं लवकर सापडतात. समजा, खांद्यामागच्या एकाच जागी घोडी रोज अंग चोरतेय. तर खोगीर उलटं करावं आणि गादीवर त्याच जागी अंगठा दाबून पाहावा. आतल्या भरणीची घट्ट गुठळी लागली, तर ती उसवून, पिंजून पुन्हा भरून घ्यावी. तोवर घोडी वरातीला काढू नये, मग तिथी कितीही दाट असो.