साप्ताहिक अभ्यास : आभाळ आणि ताडपत्री

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



इंदूर-बडोद्याकडचे गुरुबंधू फोनवर विचारतात, "तुमच्या खानापुरात हवा कशी आहे?" काय सांगायचं, हाच आम्हाला प्रश्न. सकाळी पापड वाळत घालावेत असं ऊन आणि दुपारी तेच पापड घेऊन पळापळ!

आमच्या बेळगाव जिल्ह्याचंच बघा. पश्चिमेला कणकुंबी, मलप्रभेचा उगम. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तीच मलप्रभा सौंदत्तीला पोचते, तिथे जेमतेम ६०० च्या आसपास. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथेच रिते होतात. पुढे उतरणारा वारा कोरडा. आम्ही या दोहोंच्या मधे, उंबरठ्यावर.

पावसाळ्याची तशी तक्रार नाही. धूळवाफ पेरणी करून मृगाची वाट बघणं अंगवळणी पडलंय. जीव टांगणीला लागतो तो सुगीत. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की इकडे आभाळ भरून येतं. कापलेलं भात तेव्हा शेतात वाळत पडलेलं असतं. ते भिजलं की दाणा काळा पडतो, लोंबीतच कोंब येतात, गवत कुजतं. वर्षाचे तांदूळ आणि गुरांची वैरण, दोन्हीवर पाणी.

गेल्या सुगीतली गोष्ट. गुरुवार होता. सहाला नामजप, सातला आरती. आम्ही बायका हार करत बसलो होतो. चारच्या सुमारास ढग दाटले. शेजारच्या काकूंचं एकरभर भात शेतात पडलेलं. काका दवाखान्यात, मुलगा पुण्याला, गडी मिळेना.

आमच्यात दोन मतं झाली. एक जण म्हणाली, "गुरुवारचा नेम मोडायचा नाही. माउली बघून घेतील." दुसरी म्हणाली, "अगं, बघून घ्यायला माउलींनी आपल्यालाच धाडलं असेल तर?"

यावर बराच वेळ बोलणं झालं. खरं सांगायचं तर चिखल, कंबरदुखी, नेसलेली चांगली साडी, हेही मनात होतंच. नेमाचं निमित्त.

शेवटी समईत तेल घातलं, आमच्यातल्या आजींना जपाला बसवलं आणि आम्ही अकरा जणी शेतात गेलो. पेंढ्या बांधल्या, उंचवट्यावर दगड-लाकडं मांडून गंजी रचली. लोंब्या आत, बुंधे बाहेर, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं. वर ताडपत्री. तेवढ्यात पाऊस आलाच. निम्म्याहून जास्त भात वाचलं, बाकीचं डोळ्यांदेखत भिजलं. आरती रात्री नऊला झाली, ओल्या पदरांनी.

पुढच्या गुरुवारी हिशेब मांडला, तेव्हा कळलं की अर्धा तास आम्ही वादात घालवला होता. भिजलेलं भात त्या अर्ध्या तासाचं. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

गुरुमाउली समत्व शिकवतात. आम्हाला वाटायचं, समत्व म्हणजे काही झालं तरी शांत बसणं. त्या दिवशी उमगलं, की पाऊस येणार की नाही हे त्याच्यावर सोडायचं आणि ताडपत्री मात्र आपण आधी काढून ठेवायची. हात कामात असले की मनाची घालमेलही कमी होते. आणि काम करूनही जे भिजलं, ते त्याच्या चरणी ठेवून झोपायचं.

*या आठवड्याचा अभ्यास*

१. "मेला पाऊस", "काय हे ऊन" असं दिवसातून किती वेळा तोंडातून येतं, ते मोजा. प्रत्येक वेळी एकदा नाम घ्या.

२. आपल्या गल्लीत सुगीला किंवा आजारपणात एकटं कोण आहे, त्यांची यादी घरात बसून करा. आभाळ भरल्यावर शोधायला वेळ नसतो.

३. सेवेच्या भरात जीव धोक्यात घालू नका. गडगडाट ऐकू आला की शेत सोडून पक्क्या घरात या, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. विजेची सूचना देणारं 'दामिनी' अॅप घरातल्या मुलांकडून मोबाईलवर घालून घ्या.

४. रात्री सगळ्यांनी मिळून बोला : आपल्या घरात नेमाचं निमित्त करून कोणतं काम टळतंय?

उत्तरं आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहा. आमचं उत्तर आम्ही वर लिहिलंच आहे.

जय गुरुदेव.