एका कॅनमध्ये किती धोके? फॉर्मेलिनचा पाठ

मैत्रिणींनो, ज्या गटांचं कोंबड्यांचं शेड आहे किंवा तुतीवर रेशीम आहे, त्यांना फॉर्मेलिन नवीन नाही. पिल्लांची नवी बॅच यायच्या आधी किंवा कोष काढून झाल्यावर शेड निर्जंतुक करायला ते आणतात. बाकीच्यांनीही ते पाहिलेलं असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत साप ठेवलेला असतो ना, तो बहुधा फॉर्मेलिनमध्येच. २०१८ साली मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरतात असा संशय आला आणि गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली होती, तेव्हाही हे नाव घरोघरी पोचलं.

दुकानदार कॅन देताना म्हणतो, "जहाल आहे ताई, जपून." पण जहाल म्हणजे नेमकं काय? पेटतं? भाजतं? वासाने जीव घाबरतो? की आज काही होत नाही आणि दहा वर्षांनी होतं? हे चार वेगळे धोके आहेत आणि प्रत्येकाची काळजी घ्यायची रीत वेगळी. एक काळजी घेतली म्हणजे बाकीच्या तीन आपोआप घेतल्या जात नाहीत. म्हणून आजचा पाठ धोक्यांची विभागणी कशी करायची याचा.

आधी कॅनमध्ये काय आहे ते बघू

फॉर्मल्डिहाइड हा मुळात वायू आहे. प्लायवुडचा डिंक, मेलामाइनच्या ताटल्या अशा वस्तू बनवायला कारखान्यांत तो प्रचंड लागतो. हा वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मेलिन होतं. बाजारातल्या फॉर्मेलिनमध्ये शंभरात साधारण ३७ भाग फॉर्मल्डिहाइड असतं. त्यात आणखी एक पाहुणा असतो, मिथेनॉल. विषारी दारूच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं तेच हे. फॉर्मेलिन गोठून त्याचा साका होऊ नये म्हणून शंभरात दहा-पंधरा भाग मिथेनॉल घालतात. म्हणजे एका कॅनमध्ये दोन विषं. झाकण उघडलं की वायू बाहेर यायला लागतो, हे तिसरं लक्षात ठेवायचं.

हिवाळ्यात कॅनच्या तळाशी पांढरा साका दिसला, तर तो विरघळवायला कॅन चुलीजवळ ठेवू नका. का, ते पुढे येतंच.

रंगीत त्रिकोण इथे कामाचा नाही

शेतीच्या औषधाच्या डब्यावरचा रंग आपल्याला पाठ आहे: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो रंग मुख्यतः एकच गोष्ट सांगतो. तोंडावाटे किंवा कातडीतून एका वेळी किती औषध गेलं तर जीव जातो, एवढंच. श्वासातून काय होतं, वर्षानुवर्षं थोडं थोडं गेलं तर काय होतं, पेटतं का, हे त्या रंगात नाही. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ तर कधीच काढायचा नाही.

फॉर्मेलिन हे कारखान्याचं रसायन आहे. त्याच्या कॅनवर सहसा हा त्रिकोण नसतो. तिथे दुसरी पद्धत चालते, तिला जीएचएस म्हणतात. देशोदेशी एकाच रसायनावर वेगवेगळ्या खुणा असल्याने गोंधळ व्हायचा, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली ही एकसारखी पद्धत छापली. तिच्यात एकूण नऊ चित्रं आहेत. टोकावर उभा केलेला चौकोन, त्याची कड लाल आणि आत काळं चित्र. अक्षर वाचता आलं नाही तरी चित्र कळावं हा हेतू. शेजारी एक इशाऱ्याचा शब्द असतो. 'डेंजर' म्हणजे जास्त धोका, 'वॉर्निंग' म्हणजे त्यापेक्षा कमी. प्रत्येक धोक्याला श्रेणी असते आणि इथे आकडा उलटा चालतो. श्रेणी १ सर्वांत वाईट. परीक्षेतल्या पहिल्या नंबरासारखं समजू नका!

आपल्याकडे सगळेच विक्रेते ही चित्रं छापत नाहीत, आणि सुट्या कॅनवर तर नुसतं नाव असतं. म्हणून ही विभागणी आपल्याला माहीत हवी.

पहिली रांग: वस्तू म्हणून धोका

इथे शरीराचा प्रश्न नाही. पेटेल का, फुटेल का, धातू खाईल का, एवढंच बघायचं. याला भौतिक धोका म्हणतात.

फॉर्मेलिन पाण्यासारखं दिसतं, म्हणून ते पेटेल असं वाटत नाही. पण त्यातलं मिथेनॉल आणि वायू दोन्ही पेटतात. कुठल्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेते, त्यावरून श्रेणी ठरते. २३ ते ६० अंशांत पेट घेतली तर श्रेणी ३, आणि ज्वाळेचं चित्र. ६० ते ९३ अंश असेल तर श्रेणी ४. या चौथ्या श्रेणीला चित्रच नसतं, नुसता 'वॉर्निंग' शब्द असतो. तेव्हा ज्वाळा छापलेली नाही म्हणून पेटत नाही, असं समजू नये. मिथेनॉल भरपूर असेल तर फॉर्मेलिनची वाफ ५० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. आता मे महिन्यातलं आपलं पत्र्याचं शेड आठवा.

रस्त्यावरच्या टँकरवरही हाच भेद दिसतो. पाटीवर १९९८ असं वर्षासारखं नाही, तर ११९८ असा आकडा असेल तर ते पेटणारं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण. २२०९ असेल तर फॉर्मल्डिहाइडच, पण मुख्य धोका भाजण्याचा. असा टँकर कलंडला तर बघायला धावायचं नाही. लांबून आकडा टिपायचा आणि फोन करताना तो सांगायचा.

शेडमध्ये धुरी देताना आणखी एक भौतिक धोका तयार होतो. विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आणि फॉर्मेलिन एकत्र आले की मिश्रण क्षणात तापतं, उकळतं आणि वायूचा लोट उठतो. परमँगनेटच्या डब्यावर वर्तुळावर ज्वाळा असं चित्र असतं. ते स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतं. प्लास्टिकच्या घमेल्यात हे मिश्रण करणं म्हणजे आगीला आमंत्रण. पूड आधी, फॉर्मेलिन नंतर हा क्रमही उलटवायचा नाही, नाहीतर अंगावर उडतं. माझं स्पष्ट मत असं की ही धुरी गटातल्या बायकांनी स्वतः देऊच नये. ज्याला सवय आहे, ज्याच्याकडे योग्य मुखवटा आहे, त्यालाच बोलवावं.

दुसरी रांग: लगेचचा आजार

कवटी आणि हाडांचं चित्र इथलं. पोटात जाणं, कातडीतून शिरणं आणि श्वासातून जाणं या तीन वाटा वेगवेगळ्या तपासतात. फॉर्मेलिनचा तिन्ही वाटांनी धोका आहे. मिथेनॉल पोटात गेलं तर वरून डोळ्यांची दृष्टी जाण्याची भीती.

हातावर आणि धातूवर थेंब पडताहेत असं चित्र म्हणजे भाजणारं रसायन. तीव्र फॉर्मेलिन कातडी भाजतं आणि डोळ्यात गेलं तर कायमची इजा करू शकतं. नाक-घसा झोंबणं, खोकला, छाती आवळणं हे वायूने होतं. दम्याच्या बाईला हे फार लवकर जाणवतं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. वास सुरुवातीला नाकात घुसतो, पण थोड्या वेळाने कमी झाल्यासारखा वाटतो. वायू कमी झालेला नसतो, आपलं नाक सरावलेलं असतं. म्हणून शेड उघडल्यावर वास गेला का, हे आत काम करणाऱ्या बाईने ठरवायचं नाही. बाहेरून नुकत्याच आलेल्या बाईला दारापाशी उभं करून विचारा.

तिसरी रांग: उशिराचा आजार

या रांगेकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष असतं, कारण त्या दिवशी काहीच दुखत नाही.

पहिला प्रकार ॲलर्जीचा. काही जणींना पहिल्या दोन-चार वेळा काही होत नाही, मग एकदा हाताला खाज आणि चट्टे उठतात. त्यानंतर अगदी थोडं लागलं तरी उठतात. शरीराने ते रसायन कायमचं ओळखून ठेवलेलं असतं.

दुसरा प्रकार कर्करोगाचा. माणसाच्या छातीवर फुटलेला तारा असं चित्र यासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला गट १ मध्ये घातलं. नाकामागच्या घशाच्या भागाचा कर्करोग त्याने होतो याचा पुरावा पक्का आहे, आणि पुढे रक्ताच्या कर्करोगाचंही नाव जोडलं गेलं. घाबरून जाऊ नका, पण नीट समजून घ्या. गट १ म्हणजे पुरावा पक्का, असा अर्थ आहे. एकदा वास आला म्हणजे कर्करोग झाला, असा नाही. किती वर्षं, किती वेळा, किती वायू छातीत गेला यावर ते अवलंबून असतं. दर बॅचला शेड धुणारी बाई एकच असेल, तर हिशोब तिच्या नावावर चढतो.

पाणी घातलं की काय उरतं?

रेशमाच्या शेडसाठी २ टक्क्यांचं द्रावण करतात. ३६ टक्क्यांच्या १ लिटर फॉर्मेलिनमध्ये १७ लिटर पाणी घातलं की ते होतं. "पाण्यात घातलंय, आता काय होतंय," असं म्हणून मग बाह्या वर करून फवारणी सुरू होते.

युरोपच्या नियमांत याचं उत्तर आकड्यांत दिलेलं आहे. २५ टक्के आणि वर असेल तर भाजणारं. ५ ते २५ टक्के असेल तर कातडीची आणि डोळ्यांची जळजळ करणारं. ५ टक्क्यांच्या खाली गेलं की हे दोन्ही धोके कागदावरून उतरतात. पण ॲलर्जीचा धोका ०.२ टक्क्यापर्यंत लागू राहतो आणि कर्करोगाचा ०.१ टक्क्यापर्यंत. म्हणजे आपल्या २ टक्क्यांच्या द्रावणातून लगेच कळणारा धोका गेला, आणि न कळणारे दोन्ही तसेच राहिले. पाणी घातल्याने आपल्याला इशारा देणारी आगच तेवढी कमी झाली.

म्हणून पातळ द्रावणालाही रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. तोंडाला बांधलेली ओढणी किंवा ओला रुमाल वायू अडवत नाही. धुळीचा मास्कही नाही. त्याला वायू शोषणाऱ्या डब्याचा मुखवटा लागतो, आणि तो विकत घेताना फॉर्मल्डिहाइडसाठी चालतो का हे विचारून घ्यायचं. एकटीने आत जायचं नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि दम्याच्या बायकांनी त्या दिवशी शेडकडे फिरकायचं नाही. शेड चोवीस तास बंद ठेवलं असेल तर नंतर निदान एक दिवस दारं-खिडक्या सताड उघडी ठेवा. शिवाय दरवेळी फॉर्मेलिनच हवं असंही नाही. रेशमाच्या शेडला २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि ०.३ टक्के चुन्याची निवळी चालते, तिचेही धोके आहेत पण वेगळे. दोन्ही औषधं एका दिवशी, एका भांड्यात कधीच नाही.

लागलंच तर

डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, घड्याळ बघून. अंगावर सांडलं तर कपडे काढून पाणी ओता. लाजत बसू नका. श्वासाला त्रास झाला तर मोकळ्या हवेत आणा. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, मीठ-पाणी, लिंबू असलं काही पाजायचं नाही. १०८ ला फोन करा आणि कॅन किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. रिकामा कॅन भोकं पाडून ठेवा, म्हणजे कुणी त्यात रॉकेल किंवा पाणी भरणार नाही. उरलेलं द्रावण ओढ्यात सोडू नका.

बैठकीत करून बघा

वहीत चार रकाने आखा: पेटतं का, लगेच काय होतं, उशिरा काय होतं, कुठल्या वाटेने शिरतं. मग घरातल्या तीन वस्तू घ्या: साबणाचा कॉस्टिक सोडा, संडास धुण्याचं ॲसिड आणि रॉकेल. एकेकीने एक वस्तू भरायची. दुकानदाराकडे सुरक्षा माहितीपत्रक मागा. सोळा भागांचा हा कागद असतो. दुसऱ्या भागात धोके आणि चौथ्यात प्रथमोपचार मिळतात.

दोन इशारे आधीच देते. कॉस्टिक पेटत नाही, असं लिहून थांबू नका. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ते कालवलं की हायड्रोजन वायू सुटतो आणि तो पेटतो. आणि रॉकेलच्या कागदावर छातीवरचा तारा दिसेल, पण तो इथे कर्करोगासाठी नाही. प्यायलेलं रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं, त्यासाठी आहे. चित्र एकच, अर्थ दोन. म्हणून चित्राखालची ओळ मोठ्याने वाचून मगच रकाना भरा.