सामाईक गोंगाट व त्याचे निवारण

भट्टीच्या धातूला टेकलेल्या 'के' जातीच्या तपयुग्माचा विद्युत् दाब दर अंश सेल्सिअसला सुमारे 41 मायक्रोव्होल्टच बदलतो. भट्टी आणि मापनयंत्र यांच्या भूसंपर्कांत 50 हर्ट्झचा 1 व्होल्ट फरक असल्यास तो दोन्ही तारांवर सारखाच येतो. हाच सामाईक गोंगाट होय. म्हणून तारांमधील फरकच मोजणारा विभेदी विवर्धक वापरतात. त्याची सामाईक दाब नाकारण्याची क्षमता 100 डेसिबेल असेल, तर 10 मायक्रोव्होल्ट, म्हणजे पाव अंशाची चूक उरते. कवच एकाच टोकाला जमिनीस जोडावे. दोन्हीकडे जोडल्यास त्यातूनच भूप्रवाह वाहतो. दाब विवर्धकाच्या मर्यादेपलीकडे गेला, तर मात्र विद्युत् विलगनच हवे. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत 30 अँटेनांचे संकेत काचतंतूंतून येतात. काचेतून भूप्रवाह वाहूच शकत नाही.